दोनशे मार्कांच्या नोटेवरचा माणूस

बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर बसणाऱ्याला नोटांवरचे चेहरे ओळखीचे होतात, माणसं मात्र ओळखीची होत नाहीत. माझंही तसंच होतं. १९९५ साली मी मुंबईत आमच्या बँकेच्या फॉरेन एक्स्चेंज विभागात होतो. जर्मनीहून आलेले प्रवासी, तिकडे नोकरी करणाऱ्या मुलांचे आईवडील, कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले इंजिनिअर असे लोक मार्क बदलून घ्यायला येत. त्यांत कधीतरी नारिंगी रंगाची दोनशे मार्कांची नोट असे. एका बाजूला दाढी आणि चष्मा असलेल्या एका गृहस्थांचं चित्र, दुसऱ्या बाजूला सूक्ष्मदर्शक. नोट उजेडात धरायची, जलचिन्ह बघायचं, त्या दिवसाचा भाव लावायचा आणि रुपये मोजून द्यायचे. त्यापलीकडे त्या गृहस्थांशी माझा काही संबंध नव्हता.

काउंटर बंद झाला की मी लोकल पकडून हॉस्पिटलात जात असे. माझी थोरली बहीण, आमची आक्का, तिथे होती. अंडाशयाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं होतं आणि सलाईनमधून औषध चढवणं चालू होतं. ते औषध गाठीवर जेवढं तुटून पडत होतं तेवढंच तिच्या केसांवर, जिभेच्या चवीवर आणि रक्तावरही. तिचे डॉक्टर भला माणूस होते. एका संध्याकाळी मी त्यांना विचारलं, की हे औषध फक्त गाठीपर्यंतच का पोचवता येत नाही? ते थकलेलं हसले. हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका जर्मन डॉक्टरला पडला होता, असं म्हणाले, त्याचं नावही त्यांनी सांगितलं आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. नाव मी जिन्यावरून उतरेपर्यंत विसरलो. त्याच माणसाची नोट मी त्या दुपारी मोजली असेल, हे मला कळायला पुढे पुष्कळ वर्षं जावी लागली.

त्या माणसाचं नाव पॉल एर्लिख. निवृत्तीनंतर मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. आज त्यांची गोष्ट सांगावीशी वाटते.

पॉलचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलेशिया प्रांतातल्या स्ट्रेलेन या लहानशा गावी झाला. तेव्हा ते गाव प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. घर ज्यू. वडील खाणावळ चालवायचे आणि सरकारी लॉटरीचं कामही बघायचे. आईच्या माहेरचा एक मुलगा, कार्ल वायगर्ट, पॉलपेक्षा नऊ वर्षांनी मोठा. हा मामेभाऊ पुढे नामांकित विकृतिशास्त्रज्ञ झाला आणि त्याच्याच नादाने पॉलला रंगांचं वेड लागलं.

हे वेड समजायला त्या काळाकडे बघावं लागतं. डांबरापासून कृत्रिम रंग काढण्याची विद्या नुकतीच हाती आली होती. जर्मनीत ऱ्हाइन आणि माइन नद्यांच्या काठी रंगाचे मोठमोठे कारखाने उभे राहिले होते. फ्रँकफर्टजवळच्या हेक्स्ट गावात १८६३ साली निघालेला कारखाना त्यांतलाच. मुलुंडच्या जुन्या रहिवाशांना हेक्स्ट हे नाव नवं नाही. या कंपनीचा व्याप पुढे तिथवर पोचला होता. कापड रंगवायचे हे रंग वायगर्टने सूक्ष्मदर्शकाखालच्या जंतूंना लावून बघितले, तर जंतू उठून दिसू लागले. धाकट्या पॉलला त्यात वेगळीच गोष्ट दिसली. एक रंग एकाच प्रकारच्या पेशीला धरतो, शेजारच्या पेशीला शिवतसुद्धा नाही. असं का व्हावं?

वैद्यकाच्या अभ्यासासाठी तो ब्रेस्लाऊ, स्ट्रासबर्ग, फ्रायबर्ग, लाइपझिग असा फिरला. पाठांतरात त्याला रस नव्हता. बोटांना कायम निळे-जांभळे डाग. १८७८ साली लाइपझिगला त्याने प्रबंध दिला, तोही पेशी रंगवण्याच्या विद्येवरच. त्याच सुमारास रंगांच्या साहाय्याने त्याने एक नवी पेशी ओळखली. तिला आज मास्ट पेशी म्हणतात.

पदवी मिळाल्यावर एर्लिख बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलात रुजू झाले. तिथले प्रमुख फ्रेरिक्स उदार मनाचे. त्यांनी या तरुणाला त्याच्या रंगांबरोबर मोकळं सोडलं. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, त्या सभेत एर्लिख होते. तिथून परतले ते थेट प्रयोगशाळेत. असं सांगतात, की रंगवलेल्या काचा वाळाव्यात म्हणून त्यांनी त्या थंड शेगडीवर ठेवल्या आणि सकाळी कामवालीने नेहमीप्रमाणे शेगडी पेटवली. काचा तापल्या आणि जंतू कधी नव्हे इतके स्वच्छ दिसू लागले. क्षयाचा जंतू ओळखण्याची कॉख यांची रीत एर्लिख यांनी पुष्कळच सुधारली. पुढे आपल्याच थुंकीत त्यांना तो जंतू दिसला. १८८३ साली हेडविग पिंकुस या गिरणीमालकाच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं होतं, दोन मुली झाल्या होत्या. १८८८ साली ते बायकोला घेऊन इजिप्तच्या कोरड्या हवेत गेले आणि बरे होऊन परतले. परतले तेव्हा हातात नोकरी नव्हती.

त्याआधीच त्यांनी एक प्रयोग केला होता. मेथिलीन ब्लू हा निळा रंग जिवंत प्राण्याला टोचल्यावर सगळा प्राणी निळा होत नाही. मुख्यतः मज्जातंतू निळे होतात. म्हणजे रंगाला आपलं ठिकाण शोधता येतं. मग मलेरियाचा जंतू जर याच रंगाला धरत असेल, तर रंगानेच त्याला मारता येईल का? १८९१ साली त्यांनी दोन रुग्णांना मेथिलीन ब्लू देऊन बघितलं आणि दोघांनाही गुण आला. तिथून पुढे त्यांच्या डोक्यात एकच कल्पना बसली. रोगाच्या जंतूला नेमकं शोधणारा रेणू हवा, आणि त्याने बरोबर विष न्यावं. विष तिथेच उतरावं, वाटेत सांडू नये. जर्मन लोककथांत कधी न चुकणारी मंतरलेली गोळी असते, तिचं नाव त्यांनी या कल्पनेला दिलं. आपण अशा औषधाला रामबाण म्हणतो. शब्द दोन्हीकडे आधी होता, औषध मात्र कुठेच नव्हतं.

१८९१ साली कॉख यांनी त्यांना आपल्या नव्या संस्थेत जागा दिली. तिथे एमिल बेहरिंग घटसर्पावरच्या सीरमवर झटत होते. बेहरिंग यांच्या सीरममध्ये ताकद होती, पण ती रोज वेगळी. कुठल्या बाटलीत किती जोर आहे हे कळेना. एर्लिख यांनी ते मोजण्याची पद्धत बसवली, घोड्यांपासून जोरकस सीरम मिळवण्याचं तंत्र लावून दिलं आणि १८९४ साली हेक्स्ट कंपनीने ते बाजारात आणलं. गळा दाटून गुदमरणारी मुलं त्याने वाचू लागली. पुढे वाटणीचा प्रश्न आला तेव्हा मोठा वाटा बेहरिंग यांच्याकडे गेला. १९०१ सालचं वैद्यकातलं पहिलं नोबेलही त्यांना एकट्यांना मिळालं. आपल्याला फसवलं गेलं ही सल एर्लिख यांच्या मनात राहिली आणि मैत्री तुटली. धंद्यात भागीदारीचा कागद नीट न वाचणारे हुशार लोक मी बँकेत अनेक बघितले. त्यांच्या रांगेत नोबेलच्या तोडीचा शास्त्रज्ञ बघून वाईट वाटलं आणि जवळीकही वाटली.

१८९६ साली त्यांना बर्लिनजवळ श्टेग्लिट्झला स्वतःची संस्था मिळाली. जागा म्हणजे एक जुनी बेकरी आणि शेजारचा तबेला. पण ती आपली आहे, याचाच त्यांना आनंद होता. १८९९ साली संस्था फ्रँकफर्टला हलली आणि एर्लिख शेवटपर्यंत तिथले झाले. पेशीच्या अंगाला बाहेरून निरनिराळ्या आकारांचे हात असतात, विष किंवा औषध आपल्या मापाच्या हातालाच धरतं, असा सिद्धांत त्यांनी १८९७ साली मांडला होता. आज डॉक्टर ज्याला रिसेप्टर म्हणतात त्या कल्पनेचं मूळ इथे आहे. या कामासाठी १९०८ सालचं नोबेल त्यांना मेच्निकोफ यांच्याबरोबर विभागून मिळालं.

माणूस मोठा विक्षिप्त. दिवसाला पंचवीस चिरूट ओढायचे, चिरुटांची पेटी काखेत मारूनच हिंडायचे. जेवणाची शुद्ध नसे. सुचलेलं शर्टाच्या कफवर लिहीत. रोज सकाळी प्रत्येक सहायकाच्या हातात रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या पडत, आज काय करायचं ते सांगणाऱ्या. स्वतःला आठवण राहावी म्हणून स्वतःलाच पोस्टकार्ड टाकत. रस्त्यावरचा हातपेटीवाला त्यांचा आवडता कलावंत आणि शेरलॉक होम्सच्या गोष्टी त्यांचं आवडतं वाचन. गुन्हेगार नेमका हुडकून काढायचा आणि बाकीच्यांना धक्का लावायचा नाही, हे त्यांना आवडणारच.

फ्रँकफर्टला त्यांच्याकडे कॅन्सरचंही काम आलं. १९०१पासून काही वर्षं त्यांनी उंदरांच्या गाठींवर प्रयोग केले. एका उंदराची गाठ दुसऱ्यात रुजवायची, कुठे वाढते, कुठे विरते ते बघायचं. औषध हाती लागलं नाही. मात्र शरीरात अशा बिघडलेल्या पेशी वरचेवर तयार होत असाव्यात आणि शरीराची राखण करणारी व्यवस्था त्यांना वेळीच निकालात काढत असावी, असा विचार त्यांनी १९०९ साली मांडला. तो पुढे पन्नास वर्षं जवळजवळ पडून राहिला.

आणि इथे या कथेत एक बँक येते. गेऑर्ग श्पायर हे फ्रँकफर्टच्या मोठ्या सावकारी पेढीचे मालक. १९०२ साली ते वारले. त्यांच्या विधवा पत्नी फ्रांत्सिस्का यांनी नवऱ्याच्या नावाने फार मोठी देणगी दिली आणि १९०६ साली एर्लिख यांच्या संस्थेच्या शेजारी गेऑर्ग श्पायर भवन उभं राहिलं. काम एकच, रसायनांतून औषध शोधायचं. शोध लागेलच अशी हमी कुणी मागितली नाही. संशोधनाला चार गोष्टी लागतात असं एर्लिख सांगत. धीर, हातातलं कसब, नशीब आणि पैसा. जर्मन भाषेत या चारही शब्दांचं पहिलं अक्षर एकच आहे.

हे वाचताना मला माझी एक फाईल आठवली. कर्ज विभागात असताना दोन तरुण रसायनशास्त्रज्ञ माझ्याकडे आले होते. त्यांना प्रयोगशाळेसाठी कर्ज हवं होतं. तारण काय, असं मी विचारलं. एकाच्या वडिलांचं घर होतं, पण भावांच्या सामायिक नावावर. माल कधी विकला जाईल, असं विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की सांगता येत नाही. मी नियमाप्रमाणे प्रस्ताव परत केला. आजही त्या खुर्चीत असतो तर तेच केलं असतं, कारण ठेवीदारांचा पैसा अशा कामावर लावता येत नाही. पण मग तो कुणी लावायचा? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नव्हता. फ्रांत्सिस्काबाईंना तो पडला होता.

श्पायर भवनात शेकडो संयुगं तयार झाली. आर्सेनिक, म्हणजे सोमल, हे मूळ विष. त्याचे रेणू थोडे इकडे, थोडे तिकडे बदलत आल्फ्रेड बेर्टहाइम हे रसायनतज्ज्ञ नवी नवी रूपं काढत होते. ६०६ क्रमांकाचं संयुग १९०७ सालीच तयार झालं होतं, पण एका सहायकाने तपासून निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवलं. १९०९ साली साहाचिरो हाटा हे जपानी डॉक्टर तिथे आले. सशांमध्ये गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा रोग रुजवून औषधं तपासण्यात त्यांचा हातखंडा होता. एर्लिख यांनी त्यांना जुनी सगळी संयुगं पहिल्यापासून पुन्हा तपासायला लावली. ६०६ दिलेले ससे बरे झाले.

त्या काळी गरमी हा घराघराला लागलेला शाप होता. अंग सडायचं, बुद्धी जायची, जन्मणाऱ्या मुलालाही रोग लागायचा. एप्रिल १९१०मध्ये वीसबाडेनच्या वैद्यकीय परिषदेत हे औषध जाहीर झालं आणि जगभरातल्या डॉक्टरांनी फ्रँकफर्टकडे धाव घेतली. एर्लिख यांनी ते घाईने विकायला काढलं नाही. सुमारे ६५,००० मात्रा डॉक्टरांना फुकट दिल्या आणि प्रत्येक रुग्णाचं काय झालं ते कळवा, असा आग्रह धरला. त्यानंतर १९१० सालच्या शेवटी हेक्स्टने ते साल्व्हरसन या नावाने बाजारात आणलं.

पण तो अजून रामबाण नव्हता. पिवळी पूड हवा लागली की बिघडायची, पाण्यात कालवून टोचायला अवघड. काहींना दुष्परिणाम झाले, काही दगावले. आपल्याकडे दशरथाच्या शब्दवेधी बाणाची कथा आहे. बाण आवाजाच्या दिशेने अचूक गेला, पण पाण्यावर हत्ती नव्हता, श्रावण होता. औषधाच्या बाबतीतली ही भीती एर्लिख यांना झोपू देत नसे. १९१२ साली त्यांनी जरा सौम्य रूप काढलं. तोवर टीकेचं रान उठलं होतं. पापाची शिक्षा औषधाने टळू नये असं म्हणणारे होते, ज्यू म्हणून दात धरणारे होते. फ्रँकफर्टच्या एका वृत्तपत्रवाल्याने तर रुग्णांवर बळजबरीने प्रयोग केले गेल्याचा आरोप केला. १९१४ साली खटला झाला, एर्लिख साक्षीला उभे राहिले आणि आरोप करणाऱ्याला बदनामीबद्दल एक वर्षाची कैद झाली. खटला जिंकला, तब्येत मात्र हरली. दोन महिन्यांत महायुद्ध पेटलं. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग इथे एर्लिख वारले. वय ६१.

पुढे नाझी आले आणि फ्रँकफर्टच्या रस्त्यावरून त्यांचं नाव पुसलं गेलं. वृद्ध हेडविगबाईंना देश सोडावा लागला, त्या १९४८ साली अमेरिकेत वारल्या. युद्धानंतर नाव परत आलं आणि १९९० साली देशाच्या नोटेवर छापलं गेलं. ती नोट माझ्या काउंटरवर आली.

आता आक्काकडे येतो. १९८१ साली अमेरिकेत इम्युनोजेन नावाची एक कंपनी निघाली. कल्पना एर्लिख यांचीच. कॅन्सरच्या पेशीवरची खूण ओळखणारं प्रतिद्रव्य घ्यायचं, त्याला रासायनिक दुव्याने जालीम विष जोडायचं. प्रतिद्रव्य पेशीला चिकटतं, पेशी त्याला आत ओढून घेते आणि दुवा तुटून विष आतच सुटतं. हे विष इतकं जालीम असतं की नुसतं दिलं तर माणूस सोसू शकणार नाही. एकसारखी प्रतिद्रव्यं हवी तेवढी बनवण्याची युक्ती कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली शोधली होती, म्हणून हे धाडस शक्य झालं. तरी वाट सोपी नव्हती. नव्वदच्या दशकात कंपनीचं पहिलं मोठं औषध चाचण्यांत फसलं, माणसं कमी करावी लागली. तिचं तंत्र वापरून दुसऱ्या कंपनीने केलेलं स्तनाच्या कॅन्सरचं औषध २०१३ साली मंजूर झालं. आणि इम्युनोजेनचं स्वतःचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं २०२२ साली. अंडाशयाच्या कॅन्सरवर. नेहमीच्या औषधाला न जुमानणाऱ्या.

एक्केचाळीस वर्षं. बँकेतली माझी सगळी नोकरी त्या मुदतीत बसली असती आणि वर काही वर्षं उरली असती. २०२४च्या फेब्रुवारीत ॲबव्ही या बड्या कंपनीने इम्युनोजेन सुमारे दहा अब्ज डॉलरना विकत घेतली. आकडा डोळे फिरवणारा आहे, आणि औषधाची किंमतही तशीच. ६५,००० मात्रा फुकट वाटणारा माणूस आज भेटणं कठीण. हे औषधही सगळ्यांना चालत नाही. ज्यांच्या गाठीवर ती खूण ठळक आहे त्यांनाच चालतं, आणि डोळ्यांना त्रास होऊ शकतो. दशरथाची भीती अजून संपलेली नाही. पण नेम सुधारतो आहे. आपल्या मुंबईतही पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून रुग्णाच्याच पेशींना रक्ताच्या कॅन्सरची खूण ओळखायला शिकवणारा उपचार तयार झाला, त्याला २०२३ साली मंजुरी मिळाली. परदेशापेक्षा तो बऱ्याच कमी खर्चात होतो. ती बातमी वाचली तेव्हा मला माझ्या टेबलासमोर बसलेले ते दोन तरुण आठवले.

आक्का १९९७ साली गेली. त्या वेळी इम्युनोजेनला सोळा वर्षं झाली होती आणि आणखी पंचवीस जायची होती. नव्या औषधाचा तिला उपयोग झाला असता की नाही, याचा हिशेब मी मांडत नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत मी शनिवारी लवकर यायचो. ती मला नोटांचे रंग विचारायची, मी सांगायचो. दोनशे मार्कांची नोट नारिंगी असते म्हटल्यावर तिला ते झेंडूसारखं वाटलं होतं.

२००१ अखेर मार्क चलनातून गेला, युरो आला. दुकानात आता ती नोट कुणी घेत नाही. पण जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने जुन्या मार्कांना मुदत घातलेली नाही. कुणाच्या ट्रंकेत, जुन्या पुस्तकात एर्लिख सापडले, तर त्या नोटेचे १०२ युरो आणि २६ सेंट आजही मोजून मिळतात.